क्लोरीनखालचा दोन

आमच्या शाळेत शिकवणाऱ्यांना बाई म्हणत आणि बेबीनंदाला नुसतं बेबी. ती तेव्हा सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई होती. हातात झाडू आहे एवढ्यावरून अख्ख्या स्टाफनं तिचं नाव अर्धं करून टाकलं होतं. आम्ही मुली तिला मावशी म्हणायचो. मीही म्हणायचे, पण त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. तिचे वडील कचरूबा आमच्याच शेतावर सालगडी होते, वर्षाच्या बोलीवर राबायचे, आणि मी लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून पोळा पाहिला होता. इतकं असून त्यांच्या घरात मी कधी पाणी प्यायले नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं मी फार शहाणी वाटेन.

जालना जिल्हा झाला त्या वर्षी, म्हणजे एक्क्याऐंशीला, वाटूर फाट्याजवळच्या आमच्या संस्थेच्या शाळेला प्रयोगशाळा मिळाली. दोन कपाटं, काचेच्या चाळीस बाटल्या आणि बिनानळाचं एक बेसिन. त्याच वर्षी बेबीनंदा सफाईला लागली. खोल्या झाडायच्या, पाणी भरायचं, परीक्षानळ्या विसळायच्या आणि प्रयोगशाळेची चावी सांभाळायची. ती चावी तिनं पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली होती. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. लग्न झालं, मग कापूस वेचणं आलं. पण आठवी-नववीची विज्ञानाची पुस्तकं शाळेच्या रद्दीत पडायची, ती तिनं घरी नेऊन एक एक पान करत वाचून काढली. कुणी सांगितलं म्हणून नाही. बाटल्या रोज पुसायच्या तर आत काय आहे ते कळायला नको का, असं तिचं म्हणणं होतं.

विज्ञान शिकवायला अप्पाराव सर होते. त्यांची पदवी इतिहासाची. विज्ञानाची जागा रिकामी, म्हणून पुस्तक त्यांच्या हातात आलं. यात त्यांचा दोष नव्हता. दोष असा होता, की आपल्याला येत नाही हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. अक्षर मात्र मोत्यासारखं. सगळ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या त्यांनीच लिहिल्या होत्या. त्या चिठ्ठ्यांवरची चाळीस सूत्रं फळ्यावर उतरवायची, आमच्याकडून घोकून घ्यायची आणि चुकलं की छडी काढायची, हे त्यांचं रसायनशास्त्र होतं.

शहाऐंशी साली मी दहावीत होते. ॲल्युमिनियम ऑक्साईडपाशी माझी गाडी रोज अडायची. आधी दोन आणि मग तीन, का आधी तीन आणि मग दोन? एकदा शिक्षा म्हणून सरांनी आम्हा सहा-सातजणींना मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत उभं करून सूत्रं पाठ करायला लावली आणि ते चहाला गेले. बेबीमावशी बेसिनपाशी नळ्या विसळत होती. माझी घोकंपट्टी तिनं बराच वेळ ऐकून घेतली असावी. शेवटी हात पुसत ती म्हणाली, "पाठ कशाला करून राह्यल्या? सावड लावा की."

आता सावड काय ते सांगते. आमच्याकडची जमीन काळी आणि खोल. ट्रॅक्टर यायच्या आधी तिला मोठा नांगर लागायचा आणि त्या नांगराला आठ बैल. एका घरी आठ बैल फार थोड्यांकडे असायचे. मग ज्याच्याकडे जास्तीचे असतील तो द्यायचा, ज्याला कमी पडतील तो घ्यायचा, आणि सगळ्यांची रानं आळीपाळीनं नांगरून व्हायची. हीच सावड. कचरूबांची अर्धी हयात यातच गेली होती. कुणाच्या दावणीला किती बैल आणि कुणाला किती कमी, हे त्यांना अख्ख्या शिवाराचं तोंडपाठ असायचं. बेबीनंदा लहानपणी त्यांच्या मागं मागं फिरायची.

तिनं आमच्याकडचे खेळायचे चिंचोके मागून घेतले आणि फरशीवर मांडले. एक चिंचोका म्हणजे एक बैल, पुस्तकात त्याला इलेक्ट्रॉन म्हटलंय. प्रत्येक अणू म्हणजे एक गोठा. आतली पहिली दावण दोन बैलांची, त्यापुढची आठांची. आपल्या पुस्तकातल्या या अणूंना बाहेरच्या दावणीला आठ बैल लागतात, तेव्हाच नांगर चालतो. सोडियमचे अकरा बैल तिनं मांडले. दोन, आठ आणि बाहेर एकटा एक. त्या एकट्याचं काय करायचं? क्लोरीनचे सतरा. दोन, आठ आणि सात. तिथं एकावाचून नांगर उभा. सोडियमनं आपला एक क्लोरीनला दिला की क्लोरीनचे आठ भरले, आणि सोडियमची मागची आठांची दावण पुढं आली. दोघांचंही भागलं. एकास एक. झालं मीठ.

"आता कॅल्शियम बघा," ती म्हणाली. त्याच्या बाहेरच्या दावणीला दोन बैल जास्तीचे. क्लोरीनला तर एकच हवा, दुसरा तो घेत नाही. मग दुसऱ्या बैलाला दुसरं क्लोरीनचं घर शोधायचं. म्हणून एका कॅल्शियमला दोन क्लोरीन. मॅग्नेशियमकडे दोन जास्त, ऑक्सिजनला दोन कमी, म्हणजे एकास एक पुरे. आणि माझं ते ॲल्युमिनियम! त्याच्याकडे तीन जास्त, ऑक्सिजनला दोन कमी. एका घरात भागत नाही, दोन घरांतही भागत नाही. मी स्वतःच चिंचोके सरकवत राहिले, आणि दोन ॲल्युमिनियमचे सहा बैल तीन ऑक्सिजनच्या दावणींवर बरोबर बसले तेव्हा मला एकदम हसू आलं. Al₂O₃. ते मी पुन्हा कधी पाठ केलं नाही.

एकीनं विचारलं, मिठाच्या खड्यात मग एकच सोडियम आणि एकच क्लोरीन असतं का? मावशी म्हणाली, न्हाई, खड्यात अशी जोडी जोडी नसते. सगळं गावच्या गाव एकमेकांत बांधलेलं असतं. एका घराला किती घरं लागतात, तेवढं सूत्र सांगतं.

पंधरा दिवसांत अख्खा वर्ग सावड लावायला शिकला. मग घात झाला, आणि तो मीच विचारलेल्या प्रश्नानं झाला. पुस्तकात त्या अणूंच्या डोक्यावर अधिक-उण्याच्या खुणा होत्या. मी विचारलं, मावशी, यांतला अधिक कोण आणि उणे कोण? तिनं क्षणभर विचार केला आणि सांगितलं, ज्यानं बैल दिला त्याचा एक कमी झाला, म्हणून तो उणे. ज्याला मिळाला तो अधिक. आम्हाला ते इतकं पटलं, की पुस्तक उघडून पाहायची गरजच वाटली नाही. बैल गेला म्हणजे घर कमी झालं, हे आमच्या भागात कुणालाही विचारा.

घटक चाचणीत तीसेक मुलींनी सोडियमवर उणे आणि क्लोरीनवर अधिक लिहिलं. एकीसारखी एक चूक. अप्पाराव सर पेपरांचा गठ्ठा घेऊन वर्गात आले आणि कुणी शिकवलं म्हणून विचारलं. कुणीतरी दाराकडे बोट दाखवलं. सरांनी बेबीनंदाला ओसरीवरून आत बोलावलं आणि हातात झाडू असतानाच फळ्यापुढं उभं केलं. पेपरांतली उत्तरं तिला मोठ्यानं वाचायला लावली. मग म्हणाले, हे झाडूवालीचं रसायनशास्त्र आहे, नीट लक्षात ठेवा. वर्ग हसला. मीही हसले. आज इतक्या वर्षांनीही ते आठवलं की मला माझी लाज वाटते. सरांनी तिच्याकडून प्रयोगशाळेची चावी काढून घेतली आणि हेडमास्तरांकडे जमा केली. यापुढं तिनं आत पाऊल टाकायचं नाही, बाटल्या पायरीवर आणून देतील त्या तिथंच पुसायच्या.

तीन दिवस ती पायरीवर बाटल्या पुसून तशीच निघून गेली. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती ओट्यावर आली, चिंचोक्यांबरोबर ओंजळभर सरकी घेऊन. आम्हाला वाटलं, आता सरांना शिव्या देईल.

"मी चुकले," ती म्हणाली. "तुमच्या पेपराची वाट लावली ती मीच. आता बराबर काय ते ऐका."

तिनं सोडियमचे अकरा चिंचोके मांडले आणि त्यांच्या मधोमध अकरा सरक्या ठेवल्या. या सरक्या म्हणजे गडी. गोठ्यात जितके बैल तितके गडी, म्हणून अणू मुळात ना अधिक ना उणे. बैल सावडीला जातो, गडी घरीच राहतो. सोडियमचा एक बैल गेला. बैल उरले दहा, गडी अकरा. एक गडी जास्त, म्हणून सोडियम अधिक. क्लोरीनकडे बैल झाले अठरा, गडी सतराच. त्या एका बैलाला गडी नाही, म्हणून क्लोरीन उणे. इकडं बिनबैलाचा गडी, तिकडं बिनगड्याचा बैल. दोघांची ओढ एकमेकांकडे, आणि त्या ओढीनंच मिठाचा खडा घट्ट धरलेला असतो.

"माझा बाप जिंदगीभर गडी होता," ती म्हणाली, "आणि मोजायची वेळ आली तर मी बी बैलच मोजले. सगळे बैल मोजतात. गडी कोण मोजतंय? पण तुम्ही मोजा. गडी मोजले की अधिक-उणं कधी चुकत न्हाई."

माझ्या घरी कुणी पाहुणा आला की आजोबा आधी सांगायचे, आमच्याकडे आठ बैल आहेत. गडी किती आहेत हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन मी मोजले. कचरूबा धरून पाच होते.

दिवाळीच्या सुट्टीआधी सगळ्या बाटल्या पुसायला पायरीवर आल्या. कॅल्शियम क्लोराईडच्या बाटलीची दर पावसाळ्यात तीच रड. ते रसायन हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ओलं होतं, मग चिठ्ठी सुटते. सरांनी तिच्यावर नवी चिठ्ठी लावली होती. जुन्या चिठ्ठीवरच्या सूत्राचा शेवट कसरीनं खाल्ला होता, आणि सरांनी उरलं तेवढंच मोत्यासारख्या अक्षरात उतरवलं होतं. CaCl. चिठ्ठीवरून ते फळ्यावर गेलं आणि फळ्यावरून आमच्या सगळ्यांच्या प्रयोगवहीत. मी तर गेला महिनाभर सावड लावत होते, तरी वहीत डोळे मिटून तेच उतरवलं होतं. सरांचं अक्षर होतं ना!

मी ओट्यावर बसून वही पूर्ण करत होते. मावशीनं माझ्या वहीत डोकावलं, मग बाटली हातात घेऊन बराच वेळ पाहिली. म्हणाली, गिरिजा, इथं एक बैल बाहेर उभा राह्यलाय. तुमच्या वह्या बाहेरचा परीक्षक बघणार ना? मी मान हलवली. तिनं माझं पेन मागून घेतलं आणि बाटलीच्या चिठ्ठीवर क्लोरीनच्या पायाशी छोटासा दोन काढला. अक्षर सरांच्या अक्षराशी जुळावं म्हणून तिनं तो अगदी सावकाश काढला होता. मग पेन परत देऊन ती पुढची बाटली पुसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सरांनी ते पाहिलं आणि आकाशपाताळ एक केलं. झाडूवालीनं शिक्षकाच्या अक्षरात हात घातला, सूत्र चुकीचं केलं, अशी लेखी तक्रार त्यांनी हेडमास्तर धर्मराज सरांकडे दिली. बेबीनंदाची नोकरी कच्ची होती. संस्थेनं मनात आणलं तर एका कागदावर ती जाऊ शकत होती, आणि तिच्या जागेवर डोळा ठेवून बसलेली माणसं संस्थेत होतीच. तिचा नवरा संपत रोजंदारीवर जायचा, म्हणजे काम असेल तेव्हा. हेडमास्तरांनी निरोप पाठवला की माफीनामा लिहून दे आणि तो दोन खोडून टाक, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.

स्टाफमधल्या दोघा-तिघांनी तिला समजावलं म्हणे. एवढ्याशा आकड्यासाठी पोटावर पाय कशाला आणतेस? तिनं त्यांना सांगितलं, की आकडा एवढासाच आहे तर सरांना तरी तो का खुपतो? नवऱ्यानंही घरी तिला विचारलं, खरंच दोनच आहे ना? तिनं चिंचोके मांडून दाखवले. मग खोडू नको, एवढंच तो म्हणाला.

मला साक्षीला बोलावलं होतं. हेडमास्तरांच्या टेबलासमोर ती उभी, बाजूच्या खुर्चीत अप्पाराव सर आणि कोपऱ्यात टाईपरायटरपाशी क्लार्क कडूबा. पेन कुणाचं, असं मला विचारलं. माझं, मी म्हणाले, आणि मीच दिलं. सरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की दहावीचा निकाल मला तिथंच दिसला.

माफीनामा टाईप करून तयार होता. मराठी टाईपरायटरवर इंग्रजी अक्षरं नव्हती, म्हणून कडूबांनी सूत्रापुरती जागा कोरी सोडून तिथं तक्रारीवरून शाईनं लिहिलं होतं. हेडमास्तरांना एक वाजताची जालन्याची एसटी पकडायची होती. ते म्हणाले, सही कर जल्दी आणि विषय मिटव. कडूबांनी शाईचा डबा अंगठ्यासाठी पुढं सरकवला. बेबीनंदानं डबा बाजूला केला आणि कागद उचलून वाचायला घेतला. सहीआधी ती कागद वाचून बघेल असं खोलीत कुणालाच वाटलं नव्हतं.

"साहेब, इथं बी सूत्र चुकलंय," ती म्हणाली. "दोन न्हाई."

अप्पाराव सर उसळले. प्रश्न दोनाचा नाहीच, म्हणाले, प्रश्न शिस्तीचा आहे. मला तेव्हाच कळलं, की यांनी घरी जाऊन पुस्तक उघडून पाहिलंय. तिलाही कळलं असणार.

"मंग तसं लिहा," ती शांतपणे म्हणाली. "दोन बराबर होता, पण झाडूवालीनं काढला म्हणून माफी. असं लिहा, मी आत्ता सही करते. मी चुकले होते तवा चाळीस पोरींपुढं चुकले म्हणले. सरांना एक आकडा घालायचाय फक्त."

हेडमास्तर मराठी शिकवायचे. त्यांनी सरांना विचारलं, दोन असतो का हो तिथं? सर खिडकीबाहेर बघत पुन्हा म्हणाले, तो प्रश्न नाही. हेडमास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि ते वैतागले. अरे मग घाला तो दोन आणि संपवा, म्हणाले. कडूबांनी पेन घेऊन दोन घातला. आता कागदावर हातानं केलेली दुरुस्ती झाली, आणि कचेरीचा नियम असा, की दुरुस्ती झाली की तिच्याशेजारी ज्याच्या तक्रारीवरून कागद निघाला त्याची सही हवी. कडूबा नियमाचे पक्के. त्यांनी कागद सरांपुढं ठेवला. सरांना तिची सही हवी होती, काहीही करून हवी होती. त्या घाईत त्यांनी दोनाशेजारी आपली सही ठोकली आणि कागद तिच्याकडे ढकलला.

बेबीनंदानं तो उचलला आणि मोठ्यानं वाचला. तशीच, जशी त्या दिवशी फळ्यापुढं आमची उत्तरं वाचली होती. "मी बेबीनंदा संपत, सफाई कामगार, मान्य करते की कॅल्शियम क्लोराईड, सूत्र CaCl₂, या रसायनाच्या बाटलीवर क्लोरीनखाली दोन हा आकडा स्वतःच्या मनाने घालून मी सूत्र चुकीचे केले." वाचून झाल्यावर तिनं कागद टेबलावर ठेवला आणि सरांच्या सहीवर बोट टेकवलं.

"आता सांगा, माफी कशाची मागू?"

कडूबांनी तोंडावर हात धरला होता, तो खोकला नव्हता. हेडमास्तरांनी कागद स्वतः पुन्हा वाचला, मग सरांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. जा, कामाला लाग, ते तिला म्हणाले.

ती हलली नाही. "मंग चावी द्या," म्हणाली. हेडमास्तरांनी खण उघडून चावी टेबलावर ठेवली. तिनं ती पदराला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, चल गं, पुढचा तास तुमचा आहे.

तिला बढती काही मिळाली नाही. पुढची कित्येक वर्षं ती झाडतच राहिली, आणि मधल्या सुट्टीत ओट्यावर सावड लावायला शिकवतही राहिली. सत्याण्णव साली मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पहिल्या दिवशी वर्गात तिचं नाव घेताना मी बेबीनंदाबाई म्हणाले. मुलींना त्यात काही विशेष वाटलं नाही, पण दारातून जाणारे कडूबा थबकले. पुढं तिची नोकरी पक्की करायच्या वेळी फाईल माझ्या हातात आली, तेव्हा तो माफीनामा मी पाहिला. कागद पिवळा पडलाय. दोनाशेजारी अप्पाराव सरांची सही मोत्यासारख्या अक्षरात शाबूत आहे. माफी मागणाऱ्याच्या सहीची जागा कोरी आहे.